कमरेची गोळी

शगुफ्ता : इकडे बघा. माझ्याकडे नाही, खिडकीकडे. डोळा जरा खाली ओढा.

अकिब : सोड ना. झोप झाली नाय म्हणून लाल दिसत असतील.

शगुफ्ता : लाल असते तर मी बोललेच नसते. पिवळे आहेत. कालपेक्षा जास्त.

अकिब : हळू बोल. अम्मी आत चुलीपाशी हाय.

शगुफ्ता : अम्मींना दिसत नाही असं वाटतं तुम्हाला? सकाळी त्यांनीच मला विचारलं, माझ्या पोराला कावीळ झाली का गो म्हणून. तुमच्या दोस्ताला, हैदरला फोनसुद्धा करून झालाय त्यांचा. गाडी घेऊन येतोय तो.

अकिब : गाडी? कुठं जायला?

शगुफ्ता : पोलादपूरच्या वर, कुडपणच्या अंगाला. तिथं हैबती म्हणून कोणी म्हातारा आहे, काविळीवर कसलंसं मूळ देतो उगाळून, उपाशीपोटी. हैदरच्या सासऱ्याला गुण आला म्हणे.

अकिब : मग जाऊ की. गुण येत असेल तर काय वाईट हाय?

शगुफ्ता : कसलं मूळ ते माहीत नाही, किती द्यायचं ते माहीत नाही, आणि ते तुमच्या या लिव्हरवर घालायचं? मला भीती वाटते हो.

अकिब : आणि मला वाटत नाय भीती? लघवी बघितलीस माझी? कडक चहासारखी होतेय. मासळीचा वास आला की उलटी येते. मला, मासळीचा. इथं बरगडीखाली हात पण लावू देत नाय.

शगुफ्ता : मग तुमच्या गोळ्यांच्या सेंटरला का नाही कळवलं?

अकिब : कळवून काय होणार? कशानं झालंय ते मला माहीत हाय. त्यांच्याच गोळीनं झालंय.

शगुफ्ता : सेंटरच्या?

अकिब : मग काय तर. वर्षानुवर्षं रोज एक टाकायची पोटात. लिव्हर काय लोखंडाचं हाय? मोबाइलवर एक जण सांगत होता, त्या बीमारीच्या गोळ्या बीमारीच्या आधी लिव्हर खातात. एकदम तपशिलात सांगत होता तो.

शगुफ्ता : कोण तो? डॉक्टर होता?

अकिब : कोट घातलेला होता.

शगुफ्ता : तुम्ही गोळी घेताय ना पण?

अकिब : ती खिडकी लाव आधी. बाहेर ऐकू जातं.

शगुफ्ता : मी काय विचारतेय? घेताय ना?

अकिब : शुक्रवारपासून बंद केली.

शगुफ्ता : या अल्ला. कोणाला विचारून?

अकिब : लिव्हर माझं हाय. कोणाला विचारायचं?

शगुफ्ता : तुमचं एकट्याचं नाही ते. मी आहे, पोरगी आहे. पहिल्याच दिवशी सेंटरवरच्या राजश्रीताईंनी काय सांगितलं होतं? तुम्ही ऐकत होतात की भिंतीकडे बघत होतात?

अकिब : भिंतीकडेच बघत होतो. सेंटरवर दुसरं कुठं बघतो मी?

शगुफ्ता : मी ऐकत होते. त्या म्हणाल्या, तुमच्या रक्तात जुनी कावीळ आहे, बी म्हणतात ती. ही रोजची एकच गोळी एचआयव्हीलाही दाबून ठेवते आणि त्या काविळीलाही. आपल्या मनाने बंद केली तर ती कावीळ उसळून येते. म्हणून कधी सोडावीशी वाटली, तर आधी मला फोन करा. करा म्हणाल्या होत्या ना?

अकिब : पण डोळे पिवळे झाले ते गोळी सोडायच्या आधी. मळमळ पण आधीपासून. मग ती कशानं?

शगुफ्ता : तेच मी सकाळी ताईंना विचारलं. मागे फणसाखाली उभी राहून फोन लावला. त्यांचा पहिला सवाल काय होता सांगू? दुखण्याच्या गोळ्या घेतात का. मी चटकन म्हटलं, नाही हो ताई, त्यांना कुठे काय दुखतंय? फोन ठेवला, आत आले, तर अम्मी दूध तापवत होत्या. आणि ओट्यावर बशीत, त्या तुम्हाला देतात त्या पांढऱ्या गोळ्या.

अकिब : त्या?

शगुफ्ता : तशीच परत बाहेर गेले आणि परत फोन लावला.

अकिब : अगं त्या काय औषध हायत? ताप आला की बारक्या पोरांना पण देतात. तिकडं गल्फात किराण्याच्या दुकानात मिळतात, बिस्किटांच्या बाजूला.

शगुफ्ता : किती घेता दिवसाला?

अकिब : आधी फक्त रात्रीची होती. पावसात गारठा पडला तशी अम्मी सकाळी पण द्यायला लागली. आता दुपारी पण. दोन-दोन.

शगुफ्ता : आणि हैदरने आणलेली, लाल खोक्यातली?

अकिब : ती हैदर समोर असला की. जोरदार हाय म्हणतो, घे, बघ कशी कमर मोकळी होते. मग घ्यायला लागते. आणि तो तर रोज संध्याकाळी येऊन बसतो.

शगुफ्ता : किशोरच्या मेडिकलमधून आणली ती?

अकिब : ती सर्दीची.

शगुफ्ता : ती सर्दीची, ही कमरेची, ती गल्फची. ताई म्हणाल्या, वरचं मोठं नाव सोडा, मागचं बारीक अक्षर वाचा. मी वाचलं. तिन्हींत पॅरासिटामॉल. खोकं वेगळं, देश वेगळा, आत तेच. धडधाकट माणसाने दिवसाला जास्तीत जास्त जेवढं घ्यावं, त्याच्या पार पुढे गेलायत तुम्ही. आणि तुमचं लिव्हर मुळात जुन्या काविळीचं, वर दोन आठवडे धड जेवण नाही.

अकिब : एवढ्याशा गोळीनं?

शगुफ्ता : एकीने काही होत नाही. दुखलं, विचारून घेतली, तर चालते म्हणाल्या त्या. पण तुम्हाला दुखतं कुठे? तुमची कमर कधी दुखली ते सांगा ना मला. लग्नाला अकरा वर्षं झाली, मी तर एकदा नाही ऐकलं.

अकिब : हळू बोल म्हणतो ना.

शगुफ्ता : कंपनीच्या मेडिकल तपासणीत रक्तात निघालं, त्यांनी विमानात बसवून पाठवलं. आणि तुम्ही दारात बॅग ठेवून काय म्हणालात, कमर गेली. मी काही बोलले तेव्हा? नाही बोलले. म्हटलं, मोहल्ल्याला काहीतरी सांगायला पाहिजेच. पण मोहल्ल्याला सांगायच्या कमरेला गोळ्या कशाला घालायच्या?

अकिब : तू बघितलंय ना तिला देताना? ग्लास हातात देते आणि गिळून होईपर्यंत हलत नाय. पहिल्या-पहिल्यांदा मी जिभेखाली ठेवायचो आणि मोरीत जाऊन थुंकायचो. मग ती मोरीपर्यंत यायला लागली, गुळण्या करायला पानी देते म्हणून.

शगुफ्ता : नको म्हणायचं होतं.

अकिब : कोणाकोणाला? सुट्टीवर जो येतो तो माझ्यासाठी खोकं घेऊन येतो. दुबईवाला आणतो, कतारवाला आणतो. बाम आणि गोळ्या. बिचाऱ्या अकिबची कमर. त्यांना काय सांगू, बरी झाली? मग म्हणतील, चल परत, व्हिसा काढू. आणि व्हिसा म्हणजे परत मेडिकल.

शगुफ्ता : हे मला कधी सुचलंच नाही.

अकिब : आणि पूर आला तेव्हा तू माहेरी होतीस, तू नाय बघितलंस. माळ्यापर्यंत पानी चढलेलं. उतरल्यावर सगळं महाड चिखल उपसत होतं, आणि मी खुर्चीवर. अम्मीनं बसवलं, कमरेला झटका बसेल म्हणून. पलीकडचे रामजीकाका, सत्तरीचे, माझ्या घरातलं कपाट पाठीवर घेऊन बाहेर काढत होते. मी बसून बघत होतो. कुत्र्यानं पण वास घेऊ नये असं वाटलं स्वतःला. त्या रात्री तिनं गोळी दिली ती मी थुंकली नाय. म्हटलं, होऊ दे. एवढं तरी खरं करू.

शगुफ्ता : मला का नाही सांगितलंत हे?

अकिब : तुला अजून किती सांगू? आधीच सगळं तुझ्याच डोक्यावर हाय.

शगुफ्ता : ऐका. ताई म्हणाल्या, आजच्या आज हॉस्पिटल. उद्या नाही, संध्याकाळी नाही. घरातली सगळी पाकिटं पिशवीत घालून न्यायची आणि डॉक्टरला सगळं सांगायचं. एचआयव्ही आहे, जुनी कावीळ आहे, या एवढ्या गोळ्या खाल्ल्या, आणि सेंटरची बंद केली शुक्रवारपासून. ती परत कधी सुरू करायची ते तेच ठरवतील. काही लपवलंत तर ते भलतंच औषध देतील.

अकिब : हैदरच्या गाडीतून? तो बाजूला उभा राहणार आणि मी हे सगळं सांगणार?

शगुफ्ता : त्याला बाहेर बसवू.

अकिब : तो बाहेर बसणाऱ्यातला हाय? ऐक माझं. हैबतीकडं जाऊ. उतरली तर उतरली.

शगुफ्ता : आणि नाही उतरली तर?

अकिब : तर काविळीनं गेला म्हणतील. बरं हाय ना. काविळीनं जायला काय लाज नाय.

शगुफ्ता : असं बोलायला तुमची जीभ कशी उचलते? माझ्याकडे बघून बोला. पोरीला शाळेतून आणायला कोण जाणार? काविळीनं गेला म्हणून मी तिला काय सांगू, तुझ्या बाबाला औषध होतं पण लाज वाटली?

अकिब : आली ती. गप.

अम्मी : काय चाललंय रे सकाळपासून कुजबुज? उठ, बस नीट. दूध आनलंय, पी गरम-गरम.

शगुफ्ता : अम्मी, आज गोळी नको.

अम्मी : का गो नको? वरपर्यंत गाडीत बसायचा हाय. ती वळनं, ते खड्डे. कमर आखडंल त्याची. आज तर मी तीन आनल्यात.

शगुफ्ता : तीन नको, एकही नको. दूध असू दे, गोळी ठेवून द्या.

अम्मी : तू दे म्हनलीस तर द्यायची, नको म्हनलीस तर ठेवायची? मी काय परकी हाय? तुझं शिक्षन तुझ्यापाशी. माझा पोर वाकत घरात आला तेव्हापासून मी देते. तेवढा एक तर करते मी त्याच्यासाठी, दुसरा काय येतं मला?

अकिब : दे अम्मी. इकडं दे.

शगुफ्ता : घेऊ नका. मी आत्ता काय सांगितलं तुम्हाला?

अकिब : एवढ्या खाल्ल्या, तीन अजून. काय फरक पडतो. दे ग्लास.

अम्मी : हां. गिळ. घोट घे मोठा.

शगुफ्ता : थुंक. अकिब, थुंक ते. तू गेलास तर मी कोणाकडे बघू रे? थुंक म्हणते ना.

अम्मी : अगो काय बोलतेस? नवऱ्याला असा बोलतात? सोड त्याचा गाल.

(अकिब ओंजळीत थुंकतो.)

अकिब : अम्मी, बस जरा खाली.

अम्मी : मी उभी बरी हाय. काय झाला ता सांग.

अकिब : माझी कमर दुखत नाय.

अम्मी : आज नाय दुखत?

अकिब : कधीच दुखली नाय.

अम्मी : असा कसा? तिकडनं आलास तो कमरेचाच आलास. या दारातून वाकत आलास तू.

अकिब : वाकत आलो ते तुझ्याकडं बघवत नव्हतं म्हणून. कंपनीनं काढलं मला. मेडिकलमध्ये नापास झालो.

अम्मी : मेडिकलमध्ये.

अकिब : हां.

अम्मी : हैदरचा चुलता पन तसाच आला होता. त्याला टीबी निघालेली. तुला टीबी हाय?

अकिब : नाय.

अम्मी : मग कावीळ?

अकिब : ती पण. जुनी. पण तिच्यासाठी एवढं खोटं बोललो नसतो.

अम्मी : आजून काय बघतात त्या मेडिकलात? शगुफ्ता, तू बोल गो. हा नुसता फरशीकडं बघतोय.

शगुफ्ता : त्यांनाच सांगू दे अम्मी.

अकिब : एचआयव्ही.

अम्मी : ती भिंतीवर लिहितात ती?

अकिब : हां.

अम्मी : त्यानं मानसं मरतात रे.

शगुफ्ता : औषध घेतलं तर नाही मरत. सेंटरची गोळी असते, रोज एक, जन्मभर. यांनी इतकी वर्षं घेतली. रक्त तपासलं तर दिसतसुद्धा नव्हतं, इतकं दबलेलं होतं.

अम्मी : आनि तुला?

शगुफ्ता : मला नाही. माझी तपासणी होते दर वेळी. पोरगीही बरी आहे.

अम्मी : तुला पयल्यापासून ठावं हाय?

शगुफ्ता : हो.

अम्मी : आनि तू ऱ्हायलीस.

शगुफ्ता : राहिले. पण आज मला खूप भीती वाटतेय अम्मी. यांचे डोळे बघा ना.

अम्मी : सकाळपासून बघतेय. माझा जीव थाऱ्यावर नाय. म्हनून तर हैबतीकडं नेत होते. पन एक सांग मला. कमर दुखत नव्हती, तर मी कशाची गोळी देत होते याला?

अकिब : तुला माहीत नव्हतं, अम्मी.

अम्मी : तुला नाय विचारला. तिला विचारला.

शगुफ्ता : दुखण्याचीच होती. गोळी वाईट नाही ती. पण फार झाल्या. तुमच्या होत्या, हैदरच्या होत्या, सर्दीच्या होत्या, सगळ्या आत जाऊन एकच. यांच्या लिव्हरला नाही झेपलं.

अम्मी : म्हनजे ही कावीळ माझ्या हातची.

शगुफ्ता : असं नका म्हणू. सेंटरच्या ताई आजच हॉस्पिटलात न्या म्हणतात, डॉक्टरांनी अजून बघितलेलं नाही. आणि सेंटरची गोळी यांनी आपल्या मनाने बंद केली, तेही आहेच.

अम्मी : मी दुवा पढून द्यायचे रे. एकेक गोळी तळहातावर घेऊन फुंकर घालायचे, मग तुझ्या हातात. आनि तू गिळंपर्यंत उभी ऱ्हायचे.

अकिब : म्हणून तर गिळायचो.

अम्मी : मला ढकलायचंस. ओरडायचंस माझ्या अंगावर. बाहेरच्यांना काय ता सांगितलंस, पन मला? मी काय मोहल्ला हाय?

अकिब : तू मला हात लावायची बंद होशील असं वाटलं.

अम्मी : इकडं ये. ये म्हनते ना. तोंड बघ केवढासा झालाय, हाडं लागतात हाताला.

शगुफ्ता : अम्मी, हॉर्न वाजला. हैदर आला.

अम्मी : पिशवी आन गो, ती बाजाराची. जेवढी खोकी हायत तेवढी भर. कपाटातली, खिडकीतली. माझ्या उशीखाली पन हायत, संपतील म्हनून मी ठेवलेल्या. त्या पन घे.

अकिब : हैबतीकडं?

अम्मी : कुठला हैबती. तिची ती बाई सांगते तिथं. हॉस्पिटलात.

अकिब : हैदरला काय सांगायचं?

अम्मी : कावीळ सांग. खोटा नाय ता. तो विचारंल, मी बघते त्याला. त्याला मी गाडीतच बसवून ठेवते, डिकीत सामान हाय, राखत बस म्हनते. पन डॉक्टराला सगळा सांगायचा. एक पन गोष्ट पोटात ठेवायची नाय, ऐकलास?

अकिब : त्यानं गाडीत परत एखादी गोळी काढून दिली तर?

अम्मी : तर मी त्याचा हात मोडीन.

शगुफ्ता : चला. चप्पल घाला. सावकाश, भिंत धरा.

अकिब : शगुफ्ता, बरा होतो ना असा माणूस? ताईनं काही सांगितलं?

शगुफ्ता : वेळेत पोचलो तर लिव्हर भरून येतं म्हणाल्या.

अकिब : आणि वेळ गेली असेल तर?

शगुफ्ता : ते मी विचारलं नाही. माझ्याच्याने विचारवलं नाही.

अकिब : अम्मी, तोंड सुकलंय माझं. काहीतरी दे प्यायला.

अम्मी : शगुफ्ता, त्या बाईला फोन लाव गो. विचार तिला, हा दूध देऊ ना मी याला? नुसता दूध हाय म्हनावं. आत काय नाय घातलेला.